शेपटीवरचा नंबर आणि विमानाची ओळख

गेल्या अंकात तेजसच्या चाचणी विमानांचा तक्ता छापला होता. त्यावर तासगाव, कराड, मिरज, वाई अशा ठिकाणांहून पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच होता. लष्करी विमानाचे पहिले नमुने, म्हणजे प्रोटोटाइप, त्यांच्यावर रंगवलेल्या सीरियल नंबरावरून कसे ओळखायचे आणि त्यांचा माग कसा ठेवायचा? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. इथे नंबर देवनागरीत छापले आहेत, पण तुमच्या वहीत ते विमानावर असतात तसे रोमन अक्षरांतच उतरवा. ‘एम’ आणि ‘एन’, ‘बी’ आणि ‘डी’ ही अक्षरं ऐकून लिहिताना हमखास उलटसुलट होतात, आणि एका अक्षराने विमान बदलतं.

प्रश्न (तासगाव, निवृत्त शिक्षक): तक्त्यात केएच २००५ नंतर एकदम केएच-टी २००९ आहे. मधली तीन विमानं गेली कुठे? ती पडली आणि बातमी दाबली, असं आमच्या कट्ट्यावर एकाचं ठाम मत आहे.

उत्तर: नंबरांच्या रांगेत खाडा दिसला की अपघाताचीच शंका येते, आणि इथेच सर्वांत जास्त फसगत होते. नंबर आधी राखून ठेवले जातात, विमान नंतर बांधलं जातं. बांधायचा बेत बदलला तर राखलेला नंबर तसाच पडून राहतो. त्यामुळे नंबर नसणं म्हणजे विमान हरवणं नव्हे. विमान हरवलं म्हणायचं तर ते आधी कुणीतरी पाहिलेलं, उडालेलं असायला हवं.

तेजसची रांग नीट लावून पाहा. पहिली दोन विमानं तंत्र-प्रात्यक्षिकाची, टीडी-१ आणि टीडी-२. त्यांचे नंबर केएच २००१ आणि केएच २००२. टीडी-१चं पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी बंगळुरूला झालं. नंतरची प्रोटोटाइपची पीव्ही मालिका: पीव्ही-१ केएच २००३, पीव्ही-२ केएच २००४, पीव्ही-३ केएच २००५. दोन आसनी पीव्ही-५ आणि पीव्ही-६ यांना केएच-टी २००९ आणि केएच-टी २०१०. त्यातला ‘टी’ प्रशिक्षण विमानाचा. मग मर्यादित उत्पादनाची एलएसपी मालिका केएच २०११ पासून सुरू होते. तिचा शेवटचा अंक मालिकेतल्या क्रमांकाशी जुळतो, म्हणजे एलएसपी-३ म्हणजे २०१३, एलएसपी-८ म्हणजे २०१८. यात एलएसपी-६ उडालंच नाही, म्हणून २०१६ची जागा रिकामी आहे. नौदलाची पहिली दोन विमानं वेगळ्या रांगेत: केएचएन-टी ३००१ आणि केएचएन ३००२.

आता उडालेली मोजा. टीडी २, पीव्ही ५, एलएसपी ७, नौदलाची पहिली २. बेरीज १६. या सोळांपैकी प्रत्येकाचं पहिलं उड्डाण तारखेसह जाहीर झालेलं आहे. कट्ट्यावरच्या मित्रांना ही बेरीज दाखवा.

या रांगेत आणखी एक मोलाची गोष्ट आहे, तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. केएच २०११, म्हणजे एलएसपी-१, २५ एप्रिल २००७ला उडालं. केएच-टी २००९ उडालं २६ नोव्हेंबर २००९ला. केएच-टी २०१० तर ८ नोव्हेंबर २०१४ला. म्हणजे मोठा नंबर आधी उडाला, लहान नंबर अडीच वर्षांनी, आणि त्यांच्या मधला साडेसात वर्षांनी. नंबरांचा क्रम हा उड्डाणांचा क्रम नाही. नंबराच्या क्रमाने तारखा ‘अंदाजे’ भरत जाणारे इथेच चुकतात, आणि मग तीच चूक पुढचे दहाजण उतरवून घेतात.

हवाई दलाला मिळालेल्या तेजसचा नंबर केएच नसतो. एक आसनीला एलए, दोन आसनीला एलटी. एलए ५००१ पासून मोजायला लागा. सुरुवातीच्या मागणीतली एक आसनी विमानं १६ अधिक १६, म्हणजे ३२, म्हणजे एलए ५०३२ पर्यंत. म्हणूनच २८ मार्च २०२४ रोजी उडालेल्या सुधारित मार्क-१ए प्रकाराच्या पहिल्या विमानावर एलए ५०३३ होता. इथे नंबरवरून प्रकार ओळखता येतो, कारण मागणीचा आकडा आपल्याला ठाऊक आहे. मागणीचा आकडा हाताशी नसेल तर नुसत्या नंबरवरून असं काही ठरवू नका.

प्रश्न (कराड, अभियांत्रिकीचा विद्यार्थी): अमेरिकेच्या वायएफ-१६ वर, म्हणजे एफ-१६ लढाऊ विमानाच्या नमुन्यावर, ७२-१५६७ असा नंबर आहे. पण ते उडालं १९७४ मध्ये. मग ७२ कशाचे?

उत्तर: ७२ हे आर्थिक वर्ष. अमेरिकी हवाई दलाच्या नंबरातले पहिले दोन अंक त्या विमानासाठी पैसा कोणत्या वर्षाच्या अंदाजपत्रकातून आला ते सांगतात. विमान बांधल्याचं किंवा उडाल्याचं वर्ष त्यात नसतं. त्या काळी त्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू व्हायचं, १९७६ नंतर ते १ ऑक्टोबरला सुरू होऊ लागलं. वायएफ-१६चा करार एप्रिल १९७२चा, विमान कारखान्याबाहेर आलं डिसेंबर १९७३ला. २० जानेवारी १९७४ला वेगात धावपट्टीवरून पळवण्याची चाचणी चालू असताना ते डोलू लागलं, तेव्हा वैमानिकाने ते सावरण्यासाठी उचललंच. ठरवून केलेलं पहिलं उड्डाण २ फेब्रुवारीचं. त्यामुळे वहीत दोन्ही तारखा लिहा आणि कोणती कशाची तेही लिहा. एक लिहून दुसरी गाळली की पुढे कुणाशी तरी वाद ठरलेला.

याच रांगेत पुढे पाहा. ७२-१५६७ आणि १५६८ ही दोन वायएफ-१६, आणि लगेच ७२-१५६९ आणि १५७० ही दोन वायएफ-१७. वायएफ-१७ दुसऱ्या कंपनीचं, हवाई दलाने दोघांत लावलेल्या त्याच स्पर्धेतलं. दोन प्रतिस्पर्धी कारखान्यांच्या विमानांना सलग नंबर कसे? कारण नंबर कारखाना देत नाही, विकत घेणारा देतो. सीरियल नंबर ही गिऱ्हाइकाच्या खतावणीतली नोंद आहे. कारखान्याच्या खतावणीत त्याच विमानाचा वेगळा नंबर असतो, त्याला बांधणी क्रमांक म्हणतात. आपल्याकडे गाडीची पाटी एमएच-५० असते पण चासी नंबर कंपनीचा असतो, तसंच. गाडी कायमची दुसऱ्या राज्यात गेली तर पाटी बदलेल. चासी नंबर बदलणार नाही.

लहान नंबर आधी उडतो या समजुतीला आणखी एक जुना, पक्का अपवाद बी-५२ या बाँबफेकी विमानाचा. एक्सबी-५२चा नंबर ४९-०२३०, वायबी-५२चा ४९-०२३१. पहिलं विमान जमिनीवरच्या चाचणीत जखमी झालं, त्याच्या दाबयुक्त हवेच्या यंत्रणेने पंखाचं नुकसान केलं. म्हणून दुसरं आधी उडालं, १५ एप्रिल १९५२ला. पहिल्याची पाळी आली २ ऑक्टोबरला.

शेपटीवर हा नंबर पूर्ण लिहिलेला नसतो, हेही लक्षात ठेवा. नेहमीची पद्धत अशी: ‘एएफ’ आणि वर्षाचे दोन अंक लहान अक्षरांत, शेजारी शेवटचे तीन अंक मोठे. म्हणजे ६१-०००७ या बी-५२ वर ६१ आणि ००७ दिसेल. पण त्याच वर्षाच्या रांगेत १००७ही असू शकतो, आणि त्याचेही शेवटचे तीन अंक ००७च. त्यामुळे फोटोतल्या तीन अंकांवरून पूर्ण नंबर लिहिताना विमानाचा प्रकार आधी पक्का करा, मग त्या प्रकाराला दिलेल्या रांगेत तो अंक बसतो का ते पाहा.

अमेरिकी नौदलाची पद्धत निराळी. तिथे वर्ष नाही, सलग चालत आलेला सहा अंकी नंबर. पहिलं एफ-१४ लढाऊ विमान म्हणजे १५७९८०. २१ डिसेंबर १९७०ला उडालं आणि ३० डिसेंबरला दुसऱ्याच उड्डाणात हायड्रॉलिक यंत्रणा गेल्यामुळे पडलं. दोघेही वैमानिक उडी मारून वाचले. मग त्याच्या वाट्याच्या चाचण्या बाराव्या विमानाकडे सोपवल्या आणि त्याला ‘१एक्स’ म्हणू लागले. जुन्या मजकुरात ‘पहिलं एफ-१४’ असं वाचलंत तर ते १५७९८० की १५७९९१, हे तारीख बघूनच ठरवावं लागतं.

प्रश्न (सांगली, प्लास्टिक मॉडेल बनवणारे): दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश मॉस्किटो विमानाच्या पहिल्या नमुन्याचं मॉडेल करतो आहे. खोक्यावर डब्ल्यू ४०५० लिहिलंय, पण पहिल्या उड्डाणाच्या फोटोत ई-०२३४ दिसतं. डिकल (चिकटवायचे नंबर) चुकीचे आहेत का?

उत्तर: दोन्ही बरोबर आहेत, विमान एकच आहे. फक्त तुम्ही मॉडेलसाठी दिवस कोणता धरता, ते ठरवा.

ब्रिटनमध्ये विमान कंपन्यांना स्वतःच्या चाचण्यांसाठी वेगळे तात्पुरते नंबर मिळत. शोरूमवाल्याकडे नोंदणी न झालेली गाडी रस्त्यावर आणायला ट्रेड सर्टिफिकेटची पाटी असते ना, हे तसंच. आधीचं अक्षर कंपनीचं. ‘ई’ म्हणजे मॉस्किटो बनवणारी द हॅविलँड. २५ नोव्हेंबर १९४०ला हॅटफिल्डहून मॉस्किटो उडालं तेव्हा त्यावर हीच पाटी होती आणि विमान सगळं पिवळं होतं. युद्धाचे दिवस, आपल्याच विमानविरोधी तोफांनी ओळखावं म्हणून तो रंग. नंतर त्याच विमानावर हवाई दलाचा डब्ल्यू ४०५० आला. पिवळं विमान आणि ई-०२३४ हा जोड एका काळाचा. वरून छद्मरंग आणि डब्ल्यू ४०५० लावणार असाल तर नंतरचे फोटो समोर ठेवूनच रंगवा, कारण मधल्या काळात इंजिनांत आणि शेपटीच्या भागात बदल झाले आहेत. खोक्यातल्या डिकलवर विसंबून वेगवेगळ्या तारखांचे तपशील एकाच मॉडेलवर आले, की ते विमान कुठल्याच दिवशी तसं नव्हतं असं होतं.

याच विमानात पुढचा गुंता आहे. फेब्रुवारी १९४१मध्ये बॉसकोम्ब डाउनच्या चाचणी केंद्रावर जमिनीवर धावताना मागचं चाक अडकलं आणि धड तडकलं. मॉस्किटोचं धड लाकडी. मग डब्ल्यू ४०५१ साठी बनवलेलं धड डब्ल्यू ४०५० ला बसवलं आणि ४०५१ला नंतर दुसरं धड मिळालं. आज लंडन कोल्नी या गावाजवळच्या संग्रहालयात जे विमान उभं आहे ते डब्ल्यू ४०५०, पण त्याचं धड दुसऱ्यासाठी बनलेलं. असं असेल तर वहीत नंबर एकच ठेवा आणि धड बदलल्याची नोंद तारखेसह त्याच पानावर करा. जमिनीच्या बाबतीत तलाठी फेरफार नोंदवतो, तसा हा विमानाचा फेरफार. गट नंबर तोच, आतली हकीकत बदलली.

ब्रिटिश नंबरांतले खाडे मात्र मुद्दाम पाडलेले आहेत. १९३७ पासून शत्रूला विमानांची खरी संख्या कळू नये म्हणून मधले नंबर सोडून देत. मँचेस्टर बाँबफेकी विमानांच्या २०० नगांच्या मागणीला असे नंबर दिले: एल ७२७६ ते ७३२५, ७३७३ ते ७४०२, ७४१५ ते ७४३४, ७४५३ ते ७४९७, ७५१५ ते ७५४९ आणि ७५६५ ते ७५८४. कागद घेऊन मोजा. ५०, ३०, २०, ४५, ३५, २०. बरोबर २००. पण पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत सलग मोजलं तर ३०९ होतात. शेपट्यांवरचे नंबर पाहून हिशेब करणारा शंभरावर विमानं जास्त धरणार, आणि तेच त्यांना हवं होतं.

प्रश्न (इस्लामपूर): युरोफायटर या लढाऊ विमानाच्या सात नमुन्यांचे नंबर एकमेकांशी काहीच जुळत नाहीत. असं का?

उत्तर: चार देशांनी मिळून विमान बनवलं, प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने पाटी लावली. सात नमुन्यांना डीए१ ते डीए७ म्हणतात. डीए१ जर्मनीचं, ९८+२९. तिथे ९८ची रांग चाचणी विमानांची असते. डीए२ आणि डीए४ ब्रिटनची, झेडएच ५८८ आणि झेडएच ५९०. डीए३ आणि डीए७ इटलीची, एमएमएक्स ६०२ आणि ६०३, त्यातला एक्स प्रायोगिक विमानाचा. डीए५ पुन्हा जर्मनीचं, ९८+३०. डीए६ स्पेनचं, एक्ससीई.१६-०१. अशा प्रकल्पात वहीतलं पान ‘डीए’ क्रमांकाने लावा आणि देशाचा नंबर दुसऱ्या रकान्यात घ्या. टोर्नेडो या आधीच्या संयुक्त विमानाच्या वेळी तर जर्मन नमुना पी.०१ आधी डी-९५९१ होता, नंतर तोच ९८+०४ झाला. देशाच्या नंबराने पान लावलं असतं तर एका विमानाची दोन पानं झाली असती.

प्रश्न (विटा): रशियन विमानांचे नंबरही असेच वापरता येतात का?

उत्तर: जपून. रशियन विमानाच्या नाकावर किंवा शेपटीवर असतो तो बोर्ट नंबर. तो त्या तुकडीपुरता असतो, तुकडी बदलली की बदलू शकतो, आणि एकच नंबर दोन तळांवर दोन विमानांना असू शकतो. नमुना विमानांचं त्या मानाने बरं, कारण सुखोई कंपनी नंबर नमुन्याच्या क्रमाशी जुळवून देते. २९ जानेवारी २०१०ला उडालेलं टी-५०-१, म्हणजे टी-५० लढाऊ विमानाचा पहिला नमुना, म्हणजे ०५१. पाचवं म्हणजे ०५५. ते १० जून २०१४ला मॉस्कोजवळच्या झुकोव्स्कीला उतरल्यावर पेटलं, दुरुस्त झालं आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा उडालं. तेव्हा त्याच्या नावामागे ‘आर’ लागला. जळालेलं ०५५ आणि उडणारं ०५५ ही दोन विमानं नव्हेत.

प्रश्न (मिरज, महाविद्यालयीन विद्यार्थिनी): जुन्या फोटोत तेजसचा नंबर पुसट आहे. केएच २०१३ की २०१८ ते कळत नाही. मोठं करून पाहिलं तर आणखी फुटतं.

उत्तर: फोटो मोठा करत बसू नका. मोबाइलवर किंवा संगणकावर ‘शार्प’ करणाऱ्या सोयी तर अजिबात वापरू नका. त्या नसलेली रेघ काढून देतात, आणि ३चा ८ तिथेच होतो. उलट फोटो लहान करून, दोन हात लांबून पाहा. अंकाचा एकंदर आकार तेव्हा जास्त कळतो.

मग या क्रमाने जा. आधी फोटो उलटा छापलेला नाही ना, ते तपासा. हवाई दलाच्या शेपटीवरच्या पट्ट्यात केशरी रंग पुढच्या बाजूला असतो. पण उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंना तो पुढेच असल्यामुळे त्यावरून कळणार नाही. अक्षरांवरून किंवा विमानावरच्या लहान सूचनांवरून पाहा. मग अंकांची संख्या मोजा, एकेक अंक ठरवायला नंतर बसा. जे अंक स्वच्छ दिसतात त्यांची रुंदी पट्टीने मोजा आणि पुसट अंकाशी ताडा. साच्यातून रंगवलेल्या ३ला डाव्या बाजूला उघडी जागा राहते, तिथे विमानाचा मूळ रंग दिसतो. ८ला तिथे रेघ असते. ऊन डावीकडून आलं असेल तर ही जागा सर्वांत आधी जाते, म्हणून त्याच उड्डाणाचा दुसऱ्या कोनातला फोटो असेल तर तो शोधा.

अंक एवढ्यावर ठरत नसेल तर तारीख कामाला लावा. तुमच्या फोटोवर २०११ साल आहे आणि विमान हवेत आहे. केएच २०१८, म्हणजे एलएसपी-८, पहिल्यांदा उडालं ३१ मार्च २०१३ला. त्याआधी ते हवेत असणं शक्य नाही. केएच २०१३ उडालं २३ एप्रिल २०१०ला. म्हणजे साल खरं असेल तर अंक ३च. साल फोटो काढल्याचं आहे की छापल्याचं, एवढं मात्र पाहून घ्या. बातम्यांत जुना फोटो नव्या मजकुराला जोडण्याची सवय फार आहे. याच रीतीने केएच २०११ आणि केएच २०१७ हे नंबर सोडवता येतात. १ आणि ७ सारखे दिसतात, पण २०१७चं पहिलं उड्डाण ९ मार्च २०१२चं, २०११च्या जवळजवळ पाच वर्षांनंतर.

तारखेनेही भागलं नाही तर अंगावरच्या खुणा पाहा. चाचणी विमानाच्या नाकावर लांब दांडी असते, हवेचा वेग आणि कोन मोजणारी. शेपटीच्या बुडाशी कधी छत्रीची डबी असते, विमान गिरकीत अडकलं तर सोडवायला. पंखावर आणि टाक्यांवर काळ्या-पांढऱ्या चौकटी रंगवतात, कॅमेऱ्याने मोजमाप घेण्यासाठी. या गोष्टी चाचणीनुसार लावतात-काढतात, म्हणून त्या विमान ओळखायला कमी आणि फोटोचा काळ ठरवायला जास्त उपयोगी पडतात.

प्रश्न (सातारा, सैनिक स्कूलचे माजी विद्यार्थी): आमची शाळा २३ जून १९६१ला सुरू झाली. त्याच महिन्यात मारुत हे भारतात बनलेलं लढाऊ जेट उडालं असं वाचलं. त्याच्या पहिल्या नमुन्याचा नंबर काय? जवळपास मारुत पाहायला मिळेल का?

उत्तर: शाळा सुरू होण्याच्या सहा दिवस आधी, १७ जून १९६१ला, बंगळुरूला. नंबर बीआर ४६२. वैमानिक विंग कमांडर सुरंजन दास. आराखडा जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या चमूचा. त्याआधी या आकाराचं बिनइंजिनाचं, दुसऱ्या विमानाने ओढून न्यायचं ग्लायडर उडवून पाहिलं होतं. म्हणून ‘पहिलं मारुत’ म्हणताना ग्लायडर की इंजिनाचं, हे स्पष्ट लिहा. पुढे एकूण १४७ बनली, त्यातली १८ दोन आसनी.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात मारुत उभं आहे. साताऱ्याहून पहाटे निघून रात्रीपर्यंत परत येता येतं. पण उघड्यावर मांडलेल्या विमानावरचा नंबर जसाच्या तसा मान्य करू नका. दर काही वर्षांनी रंग काढतात आणि रंगारी समोर दिसतो तो अंक गिरवतो. निम्मा उडालेला ८ दिसला तर ३ गिरवला जातो. संग्रहालयाच्या दारातून नेण्यासाठी विमान सुटं केलेलं असेल तर शेपटी एका विमानाची आणि धड दुसऱ्याचं असणंही घडतं. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. तिरक्या उन्हात रंगाखालच्या जुन्या अंकांची कड उठून दिसते. डोक्यावरच्या उन्हात काही दिसत नाही. कठड्याबाहेर उभं राहूनच पाहा, आणि कारखान्याची धातूची पाटी पाहायची असेल तर आधी पत्र लिहून परवानगी मागा. ती पाटी बहुधा कॉकपिटमध्ये किंवा चाकाच्या कप्प्यात असते, तिच्यावर बांधणी क्रमांक ठोकलेला असतो आणि तो रंगाने बदलत नाही.

प्रश्न (कोरेगाव): पुण्याला जाताना लोहगावची सुखोई दिसतात. कुंपणाबाहेरून फोटो घेऊन नंबर टिपले तर चालेल का?

उत्तर: नाही. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, प्रवासी इमारत त्याच तळाच्या धावपट्टीवर चालते. तळाचे, विमानांचे फोटो घेणं आणि ते पसरवणं शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ खाली गुन्हा ठरू शकतो. विमानाच्या खिडकीतूनही नको. कोणतं विमान आज कुठल्या तळावर आहे, हा आपला विषयच नाही. आपला विषय जाहीर झालेल्या चाचणी विमानांचा इतिहास. त्यासाठी पत्र सूचना कार्यालयाची निवेदनं, संसदेतली लेखी उत्तरं, नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल आणि संग्रहालयं पुरेशी आहेत. प्रत्यक्ष पाहायचंच असेल तर बंगळुरूजवळच्या येलहंकाचं एअरो इंडिया हे विमान प्रदर्शन दर दोन वर्षांनी भरतं, १९९६ पासून. मिरजेहून बंगळुरूला थेट रेल्वे आहे. तिथे जे मांडलेलं आहे ते लोकांनी पाहण्यासाठीच मांडलेलं असतं.

प्रश्न (वाई): नोंदवही नेमकी कशी आखायची?

उत्तर: दोनशे पानी लाँगबुक घ्या. उजवं पान एका विमानाला, डावं पान कोरं. डाव्या पानाची गरज सुरुवातीला वाटत नाही, पण दुरुस्त्या, फेरफार आणि शंका तिथेच जातात.

उजव्या पानावर वरपासून: कारखान्यातलं नाव (पीव्ही-५ वगैरे), सीरियल नंबर रंगवल्याप्रमाणे, बांधणी क्रमांक, आसनं, पहिल्या उड्डाणाची तारीख आणि ठिकाण, नंतर बदललेले नंबर तारखेसह, शेवट काय झाला. शेवट म्हणजे पडलं, मोडीत गेलं, संग्रहालयात गेलं किंवा शिकाऊ तंत्रज्ञांना दिलं. प्रत्येक ओळीच्या टोकाला ती माहिती कुठून घेतली ते लिहा. हा रकाना लोक कंटाळून सोडतात आणि वर्षभराने आपलीच नोंद आपल्याला तपासता येत नाही.

पेन्सिल आणि शाई दोन्ही ठेवा. एकाच ठिकाणी वाचलेलं पेन्सिलने. दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणी तेच सापडलं की शाईने. ‘स्वतंत्र’ या शब्दाकडे लक्ष द्या. चार वर्तमानपत्रांनी एकाच वृत्तसंस्थेची बातमी छापली असेल तर तो एकच पुरावा. ओळखायची खूण सोपी आहे. चौघांचीही चूक एकसारखी असेल, एखादं स्पेलिंग किंवा एखादी तारीख, तर त्यांनी एकमेकांचं उतरवलं आहे. खोडरबर वापरू नका, चुकलेलं एका रेघेने काटा, म्हणजे खालचं वाचता येईल. कधीकधी काटलेलंच बरोबर निघतं.

आपल्याकडच्या काही चाचणी विमानांना नागरी नोंदणीही असते, तिचा रकाना विसरू नका. ‘सरस’ या छोट्या प्रवासी विमानाचा पहिला नमुना व्हीटी-एक्सएसडी म्हणून २९ मे २००४ला उडाला. दुसरा व्हीटी-एक्सआरएम, तो ६ मार्च २००९ला बिडदीजवळ पडला आणि हवाई दलाचे तीन अधिकारी गेले. व्हीटीनंतरचा एक्स प्रायोगिक विमानाचा. अमेरिकेतही वायएफ-२२ची, म्हणजे एफ-२२ लढाऊ विमानाच्या नमुन्याची, दोन विमानं एन२२वायएफ आणि एन२२वायएक्स अशा नागरी पाट्यांवर उडत होती.

पानं नंबराच्या क्रमाने आधीच आखून ठेवा, रिकाम्या नंबरांनाही पान द्या. केएच २०१६च्या पानावर ‘उडालं नाही’ एवढंच येईल. २०११चं पान २००९च्या आधी भरलं जाईल, २०१०चं केएच रांगेत सर्वांत शेवटी. वही उलटसुलट भरल्यासारखी दिसेल, ती तशीच भरायची असते.